घडाची पिशवी

जतच्या माळावर रंगराव देसायांची खजुराची बाग होती. तिथं घडाघडाला पांढरी पिशवी बांधलेली, पण भुंग्यांवर विषारी औषध फवारणाऱ्या गेनबाला साधा मास्क नव्हता. मागितला की मालक म्हणायचे, "इतकी वर्षं फवारतोयस, तुला काय धाड भरली?"

एकदा मालक पाहुण्यांना ऐटीत सांगत होते, "आमच्याकडे मोलाची वस्तू झाकूनच ठेवतात!"

तेवढ्यात घडाची पिशवी डोक्यावर ओढून, डोळ्यांपुरती भोकं पाडून गेनबा पंपासकट हजर झाला.

"हा काय तमाशा?" मालक गरजले.

"मालक, हे थोबाड तसंही झाकायच्याच लायकीचं. म्हटलं, झाकून तरी आपला भाव खजुराएवढा होतोय का बघू!"

पाहुणे खो खो हसले, मालक ओशाळले. संध्याकाळच्या आत मास्क, चष्मा, हातमोजे आले.

कोरा मास्क नि चष्मा चढवून गेनबा घरी मिरवायला गेला. बायको निरखून म्हणाली, "आत्ता कुठं बरे दिसताय!"