पाचव्या खाचेतला मणी

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती आणि दगडही माणसांशी दोन शब्द बोलत असत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

त्या काळी एका राज्यात अशी रीत होती की जो कोणी पथकाचा नायक होई, त्याच्या मनगटात लोखंडाचं कडं घालत. कड्याला पाच खाचा. नायकाने एखादी मोठी कामगिरी पार पाडली की त्याने लोहारणीच्या भट्टीवर जायचं. ती त्याच्यासमोर दोन मणी धरायची. एकेका मण्यात एकेक गुण. त्यातला एक निवडायचा, ती तो तापवून खाचेत बसवायची आणि दुसरा भट्टीत टाकून द्यायची. बसलेला मणी पुन्हा निघत नसे. पाच खाचा, पाच गुण आणि जन्मभर तेवढ्यावरच संसार.

आता जिथे निवड आली तिथे सल्लागार आलेच. दर आठवडी बाजारात भाट उभे राहून सगळ्यात भारी गुण कोणते, त्यांची यादी गात. लहान पोरांनासुद्धा ती पाठ असे.

सुभान नावाच्या तरुण नायकालाही ती पाठ होती. पहिल्या वेळी लोहारणीने मणी धरले तेव्हा त्याने यादीतला पहिला गुण घेतला, तिरंदाजी. त्याच्या पथकात तीस भालेकरी होते. धनुष्य एकाकडेही नव्हतं.

दुसऱ्या वेळी त्याने नौकानयन घेतलं. यादीत ते वरचं होतं. राज्यात समुद्र नव्हता. सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावाबाहेरचं तळं आणि त्यात म्हशी बसत. तिसऱ्या वेळी गजविद्या. हत्ती त्याने फक्त देवळाच्या भिंतीवर पाहिला होता. चौथ्या वेळी घेतली दूरदृष्टी, म्हणजे वीस कोसांवरची नखाएवढी वस्तूही स्पष्ट दिसावी.

असेच एका पेठेत एक गृहस्थ होते. त्यांनी कुठल्याशा जत्रेत एक खोगीर पाहिलं. असं देखणं की नजर ठरेना. घेतलं. मग त्या खोगिराला शोभेल असं घोडं शोधत ते नऊ वर्षं पायी हिंडले. खोगीर डोक्यावर. विचारलं तर म्हणायचे, "मालात खोट नाही हो." मालात खोट नव्हतीच. सुभानच्या कड्यातही नव्हती.

भालेकऱ्यांशिवाय त्याच्या पथकात आणखी दोघे होते. एक गंडभेरुंड, दोन डोक्यांचा पक्षी. त्याची डोकी जन्मात कधी एका मताची झाली नव्हती. दुसरा धोंडोबा, दगडाचा माणूस, दोन पुरुष उंच. तो एकटा उभा राहिला तर शंभर माणसं थांबवील असा. फक्त चालायचा फार हळू. पथक तर त्याच्याच चालीने चालणार, कारण त्याला मागे टाकून पुढे गेलेल्या तीस भाल्यांना कोण विचारतो?

एक दिवस सुभानच्या थोरल्या बहिणीचा निरोप आला. राहीअक्का खिंडीतल्या लहानशा किल्ल्यावर किल्लेदारीण होती. आईच्या मागे सुभानला तिनेच वाढवलेलं. निरोप दोन ओळींचा होता. "पलीकडच्या खोऱ्यातल्या सरदाराने वेढा घातला आहे. दरवाज्याची एक फळी गेली, दुसरी सहा दिवस टिकेल. जमलं तर ये, नाहीतर जेवण वेळेवर करत जा."

धडधाकट माणसाला ती वाट तीन दिवसांची. धोंडोबाच्या चालीने नऊ.

पथक निघालं. सकाळ-संध्याकाळ सुभान एखाद्या उंचवट्यावर चढायचा आणि त्याची दूरदृष्टी त्याला सगळं दाखवायची. किल्ल्याचा दरवाजा. त्याला आतून टेकू देणारी माणसं. तटावर उभी अक्का, तिच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. ते फडकं सकाळी पांढरं होतं, संध्याकाळी लाल होतं, एवढंसुद्धा दिसायचं. पण बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाटेतल्या उतारावर लुटारूंची टोळी आडवी आली. पथकाने ती पिटाळून लावली आणि तिने पळवलेले गावचे बैल सोडवले. कामगिरी मोठी ठरली. उताराजवळच लोहारणीची भट्टी होती. सुभानला पाचवा मणी मिळणार होता.

लोहारीण म्हातारी होती, पण भाता अजून स्वतःच ओढायची. तिने दोन्ही मुठी उघडल्या. एका हातात निखाऱ्यासारखा लाल मणी. दुसऱ्यात मातीचा, पोरांच्या खेळातल्या गोटीसारखा.

"लाल आहे वज्रपात. बाणाच्या टप्प्यातल्या शत्रूवर वीज पाडशील," ती म्हणाली. "ही मलमपट्टी."

भालेकरी हसले. मलमपट्टी यादीत नव्हतीच. यादीच्या शेवटी भाट गायचे, "उरलेलं न्हाव्याला द्या," त्यात ती मोडायची.

"वज्रपात घे," गंडभेरुंडाचं डावं डोकं म्हणालं.

"माझं आयुष्यभर याच्याशी पटलं नाही," उजवं म्हणालं, "पण वज्रपातच घे."

"ऐकलंत? आज दोघं एक झाली," एक भालेकरी म्हणाला. "सुभानराव, आता कसला विचार करताय?"

सुभानने लाल मण्याकडे हात नेला. लोहारणीने मूठ मिटली नाही, पण हातही पुढे केला नाही.

"बाणाच्या टप्प्यात कधी पोचशील?" तिने विचारलं.

"नवव्या दिवशी."

"आणि दरवाजा?"

"सहाव्या दिवसापर्यंत." सुभानने हात मागे घेतला. "मावशी, जखमेवर मीठ कशाला चोळतेस? धोंडोबा हळू चालतो, त्याला मी काय करू?"

"का चालतो हळू?"

"दगडाचा आहे. हळूच चालणार."

"त्याला विचारलंस?"

विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. धोंडोबा हळू चालतो हे सगळ्या पथकाला सूर्य पूर्वेला उगवतो तसं माहीत होतं.

"जाऊन ये," लोहारीण म्हणाली. "मणी काही पळून जात नाहीत."

धोंडोबा अजून उताराच्या अलीकडेच होता. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, दुसरं ओढून घ्यायचा. सुभान त्याच्या बाजूने चालू लागला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"धोंडोबाकाका, तुम्ही हळू का चालता?"

धोंडोबा थांबला. दगडाच्या चेहऱ्यावर भाव उमटायला वेळ लागतो.

"तू आणि राही माझ्या दोन खांद्यांवर बसून जत्रेला जायचात," तो म्हणाला. "तेव्हा मी हळू चालायचो का रे?"

सुभानला आठवलं. वारा कानांत घुमायचा आणि अक्का ओरडायची, "काका, अजून जोरात."

"नाही," तो म्हणाला.

"तुझ्या पहिल्या लढाईत गोफणयंत्राचा धोंडा आला होता. तुझ्यावरच येत होता. मी गुडघा मध्ये घातला." धोंडोबाने खाली बोट दाखवलं. डाव्या गुडघ्यात आडवी भेग होती, हात जाईल एवढी रुंद. आत वाळू चरचरत होती. "पाऊल टाकलं की ती थोडी वाढते. म्हणून जपून टाकतो."

"मला सांगितलं का नाही, काका?"

"सांगायला आलो होतो. तू बाजारात भाटांचं ऐकत उभा होतास. गर्दी फार होती आणि मी कुणाच्या पायावर पाय दिला असता तर पंचाईत."

तो हे रागाने म्हणाला नाही. दगड राग धरत नाहीत, तेवढा वेळ असूनही. सुभानने त्या भेगेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

भट्टीवर परत येऊन तो म्हणाला, "मावशी, मातीचा."

भालेकऱ्यांत कुजबुज झाली. "गेला किल्ला," कुणीतरी म्हणालं. डावं डोकं उजव्याला म्हणालं, "एकदा एकमत केलं आणि तेही वाया गेलं."

मणी खाचेत बसला. झगमगाट झाला नाही, आभाळ गडगडलं नाही. फक्त सुभानच्या हातांना एकदम कळायला लागलं, काय हवं आणि किती हवं.

"चुना," तो म्हणाला. "बारीक वाळू. हिरड्याचं पाणी. आणि गूळ."

किल्ल्याचे तट ज्याने बांधतात तोच हा चुना. दगडाच्या माणसाला दुसरं कुठलं मलम चालणार? चुना लोहारणीच्या अंगणात होता, वाळू उतारावर, हिरडा झाडाखाली. अडलं गुळापाशी. भालेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या शिदोरीत गुळाचा खडा होता, घरून कुणीतरी हाताने बांधून दिलेला. शेवटी सगळ्यात जास्त कुरकुर करणारा पुढे आला आणि त्याने आपला खडा टोपलीत टाकला. "माझ्या आईचा आहे," तो म्हणाला. "वाया घालवू नका." मग एकेक करून तीसही खडे पडले.

"मी एक चाखून बघू का?" डाव्या डोक्याने विचारलं.

"चाखलंस तर पोट आपलं एकच आहे," उजव्याने सांगितलं.

सुभानने भेग धुतली, भरली, घोटली. चुना सुकू द्यायचा नसतो, ओला ठेवून मुरवायचा असतो. पुढचा सबंध दिवस तो गुडघ्यापाशी बसून ओलं फडकं पिळत राहिला. मधल्या वेळात भालेकऱ्यांकडे पाहिलं तर कुणाच्या टाचा फुटलेल्या, कुणाच्या बोटांत काटा रुतलेला. त्यानेच एकेकाला बोलावलं. त्या दिवशी त्याला आपल्या तीस माणसांची पावलं पहिल्यांदा दिसली. दूरदृष्टीत ती कधी आली नव्हती.

संध्याकाळी तो उंचवट्यावर चढला नाही. काय दिसेल ते त्याला माहीत होतं. एक दिवस गेला होता आणि तीनच उरले होते. त्याने फडकं पुन्हा भिजवलं आणि गुडघ्यावर ठेवलं.

चौथ्या दिवशी पहाटे धोंडोबा उभा राहिला. पाय टेकला. दुसरा टेकला. मग काही न बोलता चालू लागला आणि भालेकऱ्यांना धावावं लागलं.

"काका, जरा हळू," सुभान मागून म्हणाला. किती वर्षांनी धोंडोबा हसला कोण जाणे. खडीवरून गाडी जावी तसा आवाज आला.

सहाव्या दिवशी दुपारी पथक खिंडीत पोचलं. दरवाज्याची दुसरी फळी नुकतीच कोसळली होती. त्या भोकात राहीअक्का अकरा माणसांसह भाला धरून उभी होती आणि समोरून तीनशे चाल करून येत होते. त्यांचा सरदार अव्वल नायक. कड्यात भाटांच्या यादीतले पाचही गुण, पाचवा वज्रपात.

धोंडोबा त्या गर्दीतून, उभ्या ज्वारीतून बैल जावा तसा गेला. कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून याही वेळी जपत होता. लोक आपणच बाजूला होत होते. दरवाज्यात पोचला, वळला आणि बैठक मारली.

"राही," तो म्हणाला, "आता दाराचं काम मी बघतो. तू पाणी पी."

सरदाराने वीज पाडली. लखकन पडली, धोंडोबाच्या छातीवर पसाभर काजळी धरली. दुसरी पाडली, ती गुडघ्यावर. चुना भाजून निघाला आणि आणखी पक्का झाला. तेवढ्यात मागून तीस भाले चालून आले आणि गंडभेरुंडाने दोन डोक्यांनी दोन वेगळ्या आवाजात अशी आरोळी ठोकली की दोन फौजा आल्याचा भास व्हावा. दारात डोंगर बसलेला, पाठीशी भाले. संध्याकाळपर्यंत वेढा उठला. पळताना मागे पडलेल्या शत्रूच्या जखमींना सुभानने तटाच्या सावलीत ओळीने निजवलं आणि त्यांच्याही जखमा बांधल्या.

अक्काने त्याचं मनगट धरून कडं बघितलं. "पाचवा मातीचा?"

"हो, अक्का."

तिने लाल फडक्यात गुंडाळलेला हात त्याच्यापुढे केला. "मग आधी हे बघ. किती दिवस झाले, कुणाला वेळच नाही." मग थोड्या वेळाने, त्याची मान खाली असताना, म्हणाली, "जेवलास का?"

पुढच्या बाजारात भाटांनी यादी बदलली. मलमपट्टी पहिल्या नंबरवर गेली. एक तरुण नायक सुभानकडे धावत आला. "सुभानराव, मी पण मलमपट्टीच घेणार आहे. बरोबर ना?"

सुभान हसला. "तुझ्या पथकात सगळ्यात मागे कोण चालतं?"

तरुणाने डोकं खाजवलं. "मागे? बघितलं नाही कधी."

"मग आधी त्याच्याबरोबर दोन कोस चालून ये," सुभान म्हणाला. "मण्याचं नंतर बघू."

तर लहानथोर मंडळी, गोष्ट एवढीच आणि गाठीला बांधायचं तेही एवढंच: सर्वांत चांगला गुण कोणता ते बाजाराला विचारू नये, आपल्यात सगळ्यात मागे चालणाऱ्याला विचारावं.