उंबऱ्यातला शब्द

एकदा, फार फार पूर्वी, एका राज्यात शब्दांनाही माणसांसारखं माहेर असे.

मुलगी सासरी निघाली की आई तिच्या ओटीत नारळ आणि तांदूळ घालत असे आणि कानात एक शब्द सांगत असे. नुसता शब्द नव्हे, तर तो कुठून आला, कशापासून झाला, तेही. सासरच्या उंबऱ्यात, माप ओलांडण्याआधी, नव्या सुनेने तो शब्द मोठ्याने म्हणायचा आणि त्याचं माहेर सांगायचं. मग तो शब्द त्या घराचा होई. जिला सांगता येत नसे, तिला माप न ओलांडताच परत फिरावं लागे.

त्या राज्याच्या अमात्यांच्या धाकट्या मुलाने नदीपलीकडच्या गवळ्याची मुलगी पसंत केली. लग्न ठरलं तसा मुलीच्या आईचा जीव खालीवर होऊ लागला.

"आपल्या घरात आहे काय? चारा, शेण आणि दावी," ती म्हणाली. "त्यांच्या थोरल्या सुनेने म्हणे 'गवाक्ष' नेलाय. ऐकूनच छाती दडपते!"

"आई, आपला गोठा दे की," मुलगी म्हणाली. "आजोबांनी मला त्याचं माहेर सांगितलंय."

"वेडी का तू? पालखीतून उतरून गोठा म्हणशील? दात काढतील लोक."

आणि आई लोण्याचं मडकं घेऊन राजधानीतल्या एका भाटाकडे गेली. येताना एक भला मोठा शब्द घेऊन आली, प्रत्युत्पन्नमती.

"आणि याचं माहेर?" मुलीने विचारलं.

"भाट म्हणाला, एवढ्या लांब शब्दाला माहेर कोण विचारतंय!"

लग्न झालं. त्या राज्यात मुलीबरोबर उंबऱ्यापर्यंत आई जात असे, तशी ही गेली. अमात्यांच्या दारात सगळं नगर लोटलं होतं. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. पलीकडे अमात्यांची पत्नी उभी होती. शब्दांची तिच्याइतकी जाणकार दरबारातही कुणी नव्हती.

"बोल बाळ, काय आणलंस?"

"प्र... प्रत्युत्पन्नमती."

"सुरेख! माहेर सांग."

ते मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं. थोरली जाऊ पदराआड हसली. "सासूबाई, उसना दिसतोय. लग्नापुरता दागिना मागून आणतात ना, तसा."

मुलीच्या आईची मान खाली गेली. "चूक माझी आहे हो," ती कशीबशी म्हणाली. "लेकीची नाही."

"विहीणबाई, वाईट मलाही वाटतंय," अमात्यांची पत्नी म्हणाली. "पण रीत सगळ्यांना सारखी. आज मुलीला परत न्यावं लागेल."

मुलीने आईकडे पाहिलं. ही मान तिने कधी वाकलेली पाहिली नव्हती. डोक्यावर दुधाची चरवी घेऊन नदी उतरताना आई कशी ताठ चालायची! मुलीने पदर सावरला.

"सासूबाई, तो शब्द माझा नाही. माझा निराळा आहे. गोठा!"

सगळं दार खदखदून हसलं. "अगं बाई," जाऊ म्हणाली, "आता घरभर शेणाचा वास!"

मुलगी थांबली नाही. "गोठ्याला पूर्वी गोष्ठ म्हणायचे. गायी एकत्र उभ्या राहतात ती जागा. आमच्याकडे अजून संध्याकाळी धारा काढून झाल्या की सगळा गाव गोठ्यापाशी बसतो. भांडणं मिटतात ती तिथे, सोयरिकी जुळतात त्या तिथे. मी बोलायला शिकले तीही तिथेच."

अमात्यांची पत्नी थोरल्या सुनेकडे वळली. "सूनबाई, तू आणलेल्या शब्दाचं माहेर पुन्हा एकदा सांग."

"गवाक्ष म्हणजे झरोका."

"हा अर्थ झाला. माहेर?"

"गायीचा डोळा," जाऊ हळूच म्हणाली. "तशा आकाराचा म्हणून."

"म्हणजे इतकी वर्षं तुझ्या झरोक्यातून गायच पाहतेय आपल्याकडे. आला का कधी वास?"

लोक पुन्हा हसले, पण आता ते हसणं निराळं होतं. जाऊही लाजून हसली.

"आता पुढचं मी सांगते," अमात्यांची पत्नी म्हणाली. "गोष्ठापाशी माणसं जमायची, बोलायची. त्या जमण्याबोलण्याला गोष्ठी म्हणू लागले. आणि गोष्ठीची झाली गोष्ट. दरबारात रंगते ती, अंगणात मुलं हट्ट करून ऐकतात ती. आमच्या घरात गोष्टी पुष्कळ आहेत. आज त्यांचं माहेर चालत दारात आलंय. हसता काय? वाट द्या!"

मग तिने मुलीच्या आईचा हात धरला. "आणि विहीणबाई, तुमचा उसना शब्दही वाया गेला नाही. ऐन वेळी सुचणारी बुद्धी, असा त्याचा अर्थ. तुमच्या लेकीला तो सांगता आला नाही, पण तिने तो करून दाखवला."

मुलीने माप ओलांडलं. तांदूळ घरभर पसरले. तिची आई नदी उतरून घरी निघाली तेव्हा डोक्यावर चरवी नव्हती, पण मान तशीच ताठ होती. लोण्याचं मडकं मात्र भाटाने केव्हाच चाटूनपुसून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून अमात्यांच्या घरच्या सगळ्या सुना संध्याकाळी परसातल्या गोठ्यापाशी बसून मुलांना गोष्टी सांगू लागल्या. सगळ्यांत पुढे थोरली जाऊ बसे.

बोध: उसन्या मोठेपणाने मान खाली जाते; आपल्या शब्दाचं मूळ ज्याला ठाऊक आहे, त्याची मान कुठल्याही दारात ताठ राहते.