दोनदा चालणारा धुळा पाणाड्या

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, चैत्र वद्य पंचमी, गुरुवार. उन्हाळा असा की बोरखडकच्या सात विहिरींपैकी पाचांचे तळ उघडे पडले होते. त्या दिवशी धुळा पाणाड्या मेला, असं गावाने ठरवलं. तो मेला नव्हता. पुढे सोळा वर्षं जगला. त्या वर्षांत जे घडलं ते आता पोरांना फार जुन्या काळचं वाटतं. तितकं जुनं नाही. पण सांगून सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट लवकर जुनी होते.

पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा. धुळा तळहातावर नारळ आडवा ठेवी, शेंडी पुढे, आणि अनवाणी रानात चालू लागे. जिथं खाली पाणी असेल तिथं नारळ आपोआप उभा राही, असं म्हणतात. पाणाडे तेव्हा पुष्कळ होते. नारळ उभा राहिला की ते तिथंच खुंटी ठोकत आणि दक्षिणा घेऊन जात. धुळा तसं करत नसे. आज पूर्वेकडून पश्चिमेला चालला, तर उद्या उत्तरेकडून दक्षिणेला चाले. दोन्ही वेळा नारळ एकाच जागी उठला तरच खुंटी. मालक कुरकुरे, "काल तर उभा राहिला हुता की." धुळा म्हणे, "काल राहिला. आज परत इचारतो." त्याच्या खुंटीवर खणलेली एकही विहीर कोरडी गेली नाही, असं म्हणतात.

त्याची आणखी एक रीत होती. ज्याच्या घरचं पाणी प्यायलं, त्याला पाणी दाखवल्याशिवाय मरायचं नाही. हे त्याच्या बापाने घालून दिलं होतं. म्हणून धुळा कुणाच्या घरी पाणी पीत नसे. कमरेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा बांधून हिंडे.

तर त्या चैत्रात विहिरीच्या कामावर त्याच्या उजव्या पायावर दगड पडला. भावाने त्याला बैलगाडीत घालून तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. पाय उघडून शिवायचा होता, त्याआधी रक्त तपासलं. बोटभर पट्टी. तिच्यावर एक रेघ उठायला हवी होती, दोन उठल्या. डॉक्टर दारातूनच बोलला. रक्तात एड्स आहे, इथं ऑपरेशन होणार नाही, घेऊन जा. वर एक कागद दिला.

धुळा खडकाला कधी भ्याला नव्हता. कागदाला भ्याला. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यानंतर आपण काही वावगं केलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याला वाचता येत नव्हतं, आणि कागदावर शिक्का होता.

बातमी गाडीच्या आधी गावात पोचली. भावजयीने त्याची ताटली, वाकळ आणि नारळ अंगणाबाहेर ठेवला. तो गावविहिरीवर गेला. ती त्याच्याच खुंटीवर खणलेली. तिथं रहाटाचा दोर कुणी त्याच्या हातात देईना. सरपंच गुलाबतात्या म्हणाले, "धुळा, लांबनं. पोरंबाळं पित्यात हितलं." तात्या वाईट माणूस नव्हता. भ्यालेला होता. धुळाने रिकामा तुंबा तसाच कमरेला बांधला आणि सुजलेला पाय ओढत माळाकडे चालू लागला.

माळावर शालन राहत होती. वय सत्तावीस. नवरा ट्रकवर होता. दोन वर्षांपूर्वी त्याच रोगाने गेला आणि जाताना रोग तिला देऊन गेला. तिची तपासणी सरकारी दवाखान्यात एकदा नव्हे, तीनदा झाली होती. सासरच्यांनी तिला माळावरची एकरभर खडकाळ पट्टी दिली आणि घराचं दार लावलं. ती प्यायचं पाणी पार ओढ्याच्या झऱ्यावरून आणी.

धुळा तिच्या झोपडीपुढच्या बाभळीखाली कोसळला. ती तांब्या घेऊन आली.

"पाणी प्या, बाबा."

"मी कुणाच्या घरचं पीत न्हाई."

"आता तुम्हाला घर कुठं, न् मला तरी कुठं? प्या. माझं तुम्हाला लागायचं न्हाई, तुमचं मला लागायचं न्हाई. जे व्हायचं ते दोघांचंबी झालंय."

धुळाने तांब्या रिकामा केला. खाली ठेवताना म्हणाला, "हे माझ्यावर राहिलं, पोरी."

"काय राहिलं?"

"पाणी."

शालन हसली. "ह्या खडकात? मग लई दिस जगावं लागंल तुम्हाला."

तिने कडुलिंबाच्या पाण्याने त्याचा पाय महिनाभर धुतला. पाय भरला, जरा वाकडा. धुळा बाभळीखाली मरणाची वाट बघत बसला. पावसाळा गेला, हिवाळा गेला, मरण आलं नाही. तेव्हा त्याने नारळ उचलला. शालनच्या पट्टीत पूर्वेकडून चालला, उत्तरेकडून चालला, आणि दोन्ही वेळा नारळ उठला तो नेमका पट्टीतल्या सगळ्यात कठीण खडकावर. त्याने खुंटी ठोकली आणि स्वतःच पहार घेतली.

दोन उन्हाळे तो एकटा खणत होता. शालन वरून पाटी ओढी. अठ्ठावीस हात काळा खडक फोडला. वरून धुळा घाव घाली आणि खालून पाणी त्याला घावानेच उत्तर देई, असं म्हणतात. एके दिवशी शेवटचा घाव त्याने घातलाच नाही, तो खालूनच पडला, असंही म्हणतात. शालनच्या दारात पाणी आलं. आपलं देणं फिटलं, असं धुळाला वाटलं.

पुढे सलग दोन वर्षं पाऊस रुसला. सातही विहिरी आटल्या. माळावरच्या विहिरीत मात्र छातीइतकं पाणी. मग गाव घागरी घेऊन माळावर आलं. पाणी कुणाचं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. शालनने कुणाला अडवलं नाही.

घागरी भरता भरता लोकांनी धुळाकडे नीट पाहिलं. कागदाने मारलेला माणूस धडधाकट उभा होता. गुलाबतात्या म्हणाले, "ह्यो बरा झाला कशानं? पाण्यानं." कुणी म्हणालं, पाण्याने नाही, त्याच्या रक्तातच उतारा आहे, रोग त्याच्या रक्ताला शिवत नाही. झालं. पंचक्रोशीतून जीपगाड्या येऊ लागल्या. दर शुक्रवारी माळावर जत्रा भरे. लोक कॅन भरून पाणी नेत, धुळाच्या पायावर डोकं ठेवत. ज्याच्या हातात दोर दिला नव्हता त्याचे पाय लोक धरू लागले. धुळाला ते बरं वाटलं. लपवायचं कारण नाही. बरे झाले म्हणून काहीजण नारळ घेऊन परत आले. जे परत आले नाहीत ते कुणी मोजले नाहीत.

धुळा माळावर आला त्याला अशी आठ वर्षं झाली. त्या सुमाराला या रोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागल्या. शालनने तीन महिने घेतल्या. मळमळ होई, अंगावर पुरळ उठे. तिने गोळ्या थांबवल्या.

धुळाने विचारलं, "गोळ्या का सोडल्या?"

"कशाला पायजेत? दारात एवढी हीर हाय. तुम्ही कुठं घेता?"



माघ महिना आला तशी शालन सुकत गेली. खोकला लागला. एक दिवस ती बादली ओढत असताना बादली अर्ध्यावरच थांबली. दोर तिच्या हातातून सुटला आणि बादली खाली जाऊन आपटली. धुळा तो आवाज ऐकून उठला. देणं फेडायला म्हणून दाखवलेल्या पाण्याचा भरवसाच पोरीला मारत होता.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेला. आपल्याला कशाने बरं वाटलं ते विचारावं, आणि तेच शालनला द्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. तिथं नदाफ मॅडम नावाच्या बाई या रोगाच्या लोकांशी बोलायला नेमलेल्या होत्या. धुळाने नारळाच्या करवंटीत जपलेला जुना कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला.

"तेव्हा किती वेळा तपासलं होतं, बाबा?"

"एकदा."

त्यांनी रक्त घेतलं. एक पट्टी झाली, मग वेगळ्या जातीची दुसरी, मग तिसरी. तिन्हींवर एकेकच रेघ.

"तुम्हाला हा रोग नाही."

"म्हणजे गेला?"

"आलेलाच नव्हता. एखादी पट्टी कधीकधी चुकते. म्हणून एका पट्टीवरून कुणाला काही सांगायचं नसतं. दुसरी लावायची, तिसरी लावायची."

"मग माझ्या हिरीचं पाणी?"

"पाणी चांगलं असेल. पण ते पाणीच आहे."

धुळा बाकावर बसला. कागद परत घेत म्हणाला, "जन्मभर नारळ दोनदा धरला. कागद एकदाच धरला." मग त्याने विचारलं, "आमच्या माळावरच्या शालनचीबी पट्टी चुकली असंल?"

"शालनची? तिची तीनदा झालीय. तिला आहे. पण आता गोळ्या बदलून देता येतात. रोज घेतल्या तर ती म्हातारी होईल."

धुळा परत आला तो आधी तात्यांकडे गेला आणि सगळं सांगितलं. 

"हे बोलू नगंस, धुळा. लांबलांबनं लोक येत्यात. त्यांची आशा हाय."

"आशा न्हवं तात्या, कोरडी हीर हाय. न् खुंटी माझ्या नावाची हाय."

"मग आम्ही तुला उगंच हाकललं, असं म्हणायचं?"

"व्हय. तसंच म्हणायचं."

शुक्रवारी जीपगाड्या आल्या. धुळा विहिरीच्या काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "मला रोग कधीच नव्हता. हे पाणी प्या, पर दवाखान्यात जा." काहीजण निघून गेले. काहीजण म्हणाले, म्हातारा पाणी राखतोय. एकजण थुंकला. धुळाने गावच्या शाळेतल्या मास्तरांकडून काठाच्या दगडावर खडूने अक्षरं काढून घेतली आणि स्वतः छिन्नीने कोरली. न वाचता येणाऱ्या माणसाने कोरलेली ती अक्षरं आजही वाचता येतात. 'या पाण्याने तहान भागते. रोग जात नाही.'

शालन झोपडीच्या दारातून हे सगळं बघत होती. धुळा जवळ गेला तशी तिने तोंड फिरवलं.

"तुम्हाला कधीच नव्हतं?"

"नव्हतं."

"न् मला हाय."

"तुला हाय."

"मग आठ वर्सं माझ्या दारात माझ्यासारखे म्हणून कशापायी बसलात?"

"मलाबी ठावं नव्हतं, पोरी."

"आता जावा की गावात. तुमचं घर हाय."

धुळा गेला नाही. तुंबा उपडा ठेवून बाभळीखाली बसला. "ह्या हिरीचं पाणी आता मला चालत न्हाई," तो म्हणाला. "तुला खोटं पाणी दाखवलंय. देणं अजून हाय. दवाखान्यात गोळ्या बदलून देत्यात, तिथवर तू चल." एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी शालन काठी टेकत बाहेर आली.

"हट्टी हाय म्हातारा. चला. पर मला चालवत न्हाई."

त्याने तिला पाठीवर घेतलं. तालुका बावीस किलोमीटर. त्या दिवशी एसटी आलीच नाही, असं म्हणतात. कुणी म्हणतं, आली होती, त्यानेच हात केला नाही. रस्ताभर दोघांच्या डोक्यावर ढगाचा एक तुकडा चालत होता आणि सावली धुळाच्या पुढे एक पाऊल पडत होती, असं म्हणतात. दवाखान्यात पोचल्यावर नदाफ मॅडमनी आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. ते त्याने घेतलं नाही. नळाचं प्याला, कारण नळ कुणाच्या घरचा नव्हता.

धुळा जाऊन आता बरीच वर्षं झाली. चैत्र वद्य पंचमीला अख्खं बोरखडक अजून माळावर अनवाणी चालतं. आधी पूर्वेकडून पश्चिमेला, मग उत्तरेकडून दक्षिणेला. त्या दिवशी विहिरीचा रहाट ओढायचा मान गुलाबतात्यांच्या घराचा. तात्यांनीच तो मागून घेतला. ज्याला ज्याला रोजची गोळी आहे, साखरेची असो, रक्तदाबाची असो, त्या रोगाची असो, तो त्या दिवशी सगळ्यांदेखत ती घेतो आणि वर विहिरीचं पाणी पितो. पहिली गोळी शालनची. तिचे केस आता पांढरे आहेत. आणि तालुक्याहून कुणी हातात कागद घेऊन, मान खाली घालून आला, तर म्हातारी माणसं आधी एकच विचारतात, "एकदा चाललास का दोनदा?"

ही रीत पडली तो दिवस असा.

शालन बारा दिवस दवाखान्यात होती. तेराव्या दिवशी दोघं एसटीने परत आले. ती काठावरच्या कोरलेल्या दगडापाशी बसली आणि पदराच्या गाठीतून गोळी काढली. धुळाने बादली ओढली आणि तांब्या भरून तिच्या हातात दिला. तिने गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली आणि उरलेला तांब्या त्याच्यापुढे धरला.

"फिटलं?"

"फिटलं," धुळा म्हणाला, आणि प्याला.