दुधाच्या रांगेतली गोळी

एका गावाच्या आरोग्य उपकेंद्रात केतकी नावाची नवी नर्स आली. दूरदेशी शिकून, तिथली चांगली नोकरी सोडून ती हौसेने परतली होती. तिला वाटलं होतं, गावातले लोक औषधांवरून हुज्जत घालतील आणि आपण त्यांना हळूहळू पटवू. प्रत्यक्षात हुज्जत कुणी घातलीच नाही. सगळं सांगून झालं की ती विचारी, "समजलं ना?" साऱ्या बायका एका सुरात म्हणत, "व्हय बाई." केतकी खूश होई.

त्या गावात हौसाक्का नावाची म्हातारी राहत होती. तिची हाडं ठिसूळ झाली होती. अंगणात नुसता पाय घसरला, तरी मनगट मोडलं. मनगट भरून आलं, पण मुलाने बजावलं, "आई, आणखी एक हाड मोडलं तर चांदीला विकून टाकीन." चांदी म्हणजे आक्काची म्हैस. सकाळी तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय आक्काचा दिवस उजाडत नसे.

तालुक्याच्या डॉक्टरांनी आक्काला हाडं बळकट करणारी गोळी दिली. आठवड्यातून एकदाच, दर मंगळवारी. केतकीने नियम समजावले. सकाळी उपाशीपोटी, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची. मग अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळीने अन्ननलिका पोळते. तिने या नियमांचा रंगीत तक्ताही उपकेंद्राच्या भिंतीवर लावला.

"समजलं ना, आक्का?"

"व्हय बाई."

दोन महिन्यांनी एका सोमवारी केतकी आक्काच्या घरी गेली. आक्काने चहा टाकला आणि फळीवरचा साखरेचा डबा मागितला. केतकीने चुकून शेजारचा डबा उघडला. आत हाडांच्या गोळ्या होत्या. आठांपैकी सात जशाच्या तशा.

"आक्का, तुम्ही तर हो म्हणाला होतात!"

"मग काय न्हाई म्हणू? एवढी लांबनं शिकून आलेली पोर जीव तोडून सांगतीया. तिच्या तोंडावर न्हाई म्हणायचं बरं दिसतं व्हय?"

केतकीला रडू येईल की काय असं झालं. एक रागाचं वाक्यही अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि चुलीपाशी बसत विचारलं, "पहिली गोळी तुम्ही कशी घेतलीत, ते सांगाल मला?"

आक्का लाजली. "घेतली की तुझ्या नियमानं. मग भिंतीला टेकून बसले. आता जल्मात मी कधी अर्धा तास रिकामी बसलीय का? बसले तशी झोपच लागली. जागी झाले ती आडवीच! छातीत ही आग. दोन दिस घास उतरंना. तवापास्नं डबा बंद."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू 'समजलं का' इचारलंस, बाई. 'जमतंय का' कुठं इचारलंस?"

केतकीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "चुकलं माझं, आक्का. बरं, सकाळी उठल्यावर तुम्ही अर्धा तास उभ्या कुठे असता?"

"उभी? डेअरीच्या लायनीत! दूध घालायला गेलं की त्यो मापवाला म्हादू पाय दुखस्तोवर उभं करतोय. रोज शिव्या खातोय आमच्या."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही हसत सुटल्या. चहा उतू गेला.

संध्याकाळी केतकीने डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. आक्काला आता घास नीट उतरतो, आग अजिबात होत नाही, ही खात्री करून घेऊन त्यांनी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली. परत जळजळ झाली तर मात्र लगेच थांबवा, म्हणाले.

मंगळवारी सकाळी चांदीची धार निघाली. आक्काने पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेतली. दुधाची किटली केतकीने उचलली आणि दोघी डेअरीच्या रांगेत उभ्या राहिल्या. नर्सबाई रांगेत कशा, म्हणून बायका जमल्या. केतकीने सगळ्यांदेखत आपली चूक सांगितली.

पुढे उभी असलेली तानूबाई हळूच म्हणाली, "खरं सांगू का बाई? माझ्याबी गोळ्या डब्यातच हायत."

"माझ्याबी!" मागून आणखी दोघी ओरडल्या, आणि रांगभर हशा पिकला.

एवढ्यात आक्काने मान उंच करून हाक दिली, "म्हादू, आज घाई करू नगंस रं बाबा! सावकाश माप!"

म्हादूच्या हातातलं माप तसंच राहिलं. इतक्या वर्षांत त्याला असं कुणी म्हणालं नव्हतं.

केतकीने तिथेच ठरवलं. भिंतीवरचा तक्ता आजच उतरवायचा. दर मंगळवारी आपण या रांगेत उभं राहायचं, आणि यापुढे 'समजलं ना?' विचारायचं नाही. विचारायचं ते एवढंच, 'तुम्ही हे कसं जमवाल, मला सांगा.'

तात्पर्य: समोरचा हो म्हणाला म्हणून आपलं काम संपत नाही, त्याला ते कसं जमेल हे विचारून ऐकून घेतलं, तरच चांगल्या औषधाचा आणि चांगल्या सल्ल्याचा उपयोग होतो.