सगुणेच्या नावाचं गाणं

एका गावात लहानू नावाचा एक भोळा गडी राहायचा. गळा गोड होता. डोक्याचं काही सांगता येत नाही.

त्या खोऱ्यात सगुणामाईच्या देवळाचा मोठा मान. म्हणून घरोघरी एक तरी सगुणा असायचीच. गाणीही तिच्याच नावाची. पाळण्याच्या गाण्यात सगुणा, मांडवाच्या गाण्यात सगुणा. लहानूच्या बायकोचं नावही सगुणाच.

एक दिवस सगुणा पाण्याला निघाली. जाताना म्हणाली, "अहो, आमटीला उकळी आली की मीठ टाका."

उकळी आली. लहानूनं मिठाचं मडकं उचललं आणि उकिरड्यावर टाकून आला.

सगुणा माहेरी निघून गेली.

लहानूला घर खायला उठलं. आईला म्हणाला, "आई, तिला कसं आणू?"

"तिच्या नावाचं एखादं गाणं म्हण. तुझा गळा ऐकला की विरघळेल. आणि वाटेत म्हणत म्हणत जा, नाहीतर विसरशील."

"बरं," म्हणाला लहानू.

पहिलं आठवलं ते म्हणत निघाला. "नीज गं सगुणे, मीट डोळे, नीज गं सगुणे."

वाटेत जोंधळ्याचं शेत होतं. माळ्यावर सगुणा नावाची पोर राखणीला बसली होती. गाणं ऐकून ती पेंगली, मग आडवी झाली. पाखरं कणसांवर उतरली. मालक ओरडत आला.

"अरे बाबा, राखणदाराला अंगाई म्हणतोस?"

"मग काय म्हणू?"

"म्हण, 'ऊठ सगुणे, फिरव गोफण, एकाला ठेवू नको.'"

"बरं," म्हणाला लहानू.

पुढच्या गावात एका घरी बारसं होतं. पोरीचं नाव नुकतंच सगुणा ठेवलं होतं. रडून रडून बिचारी आत्ता कुठं निजली होती. घर बायकांनी भरलेलं. लहानू दारात उभा राहून खड्या आवाजात म्हणाला, "ऊठ सगुणे, फिरव गोफण, एकाला ठेवू नको."

पोर दचकून उठली आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. आत्याबाई बाहेर आल्या.

"मेल्या, पाहुण्यांवर गोफण काय फिरवतोस?"

"मग काय म्हणू?"

"म्हण, 'सगुणा आली, आनंद झाला, घुगऱ्या वाटा गावाला.'"

"बरं," म्हणाला लहानू.

पुढे एका घरासमोर माणसं खाली माना घालून बसली होती. म्हाताऱ्या सगुणाबाई सकाळीच वारल्या होत्या. सगळे गप्प आहेत, ऐकायला बरे आहेत, असं लहानूला वाटलं. त्यानं सूर लावला. "सगुणा आली, आनंद झाला, घुगऱ्या वाटा गावाला."

चौघांनी त्याला धरलं. म्हातारीचा मुलगा म्हणाला, "आमची आई गेली, आणि तुला घुगऱ्या सुचतात?"

"मग काय म्हणू?"

"म्हण, 'सगुणा गेली, सुटली बिचारी, संपले सारे भोग.'"

"बरं," म्हणाला लहानू. पाठ चोळत पुढे निघाला.

पुढच्या वाडीत वरात आली होती. नवी नवरी सगुणा माप ओलांडायला उंबऱ्यापाशी उभी होती. सासू ओवाळायला आली. तेवढ्यात मागून आवाज आला, "सगुणा गेली, सुटली बिचारी, संपले सारे भोग."

सासूच्या हातातलं ताट खाली पडलं. नवरीच्या मामानं लहानूचा कान धरून त्याला बाजूला नेलं.

"शहाण्या, अशा वेळी असं म्हणतात?"

"मग काय म्हणू?"

"म्हण, 'सगुणे, आता हेच तुझं घर, मागला उंबरा विसर.' आणि गाणं संपलं की सरळ चालू लाग. पोरीला सोडून निघताना मागं वळायचं नसतं. वळलं की तिचा जीव अडकतो."

"बरं," म्हणाला लहानू.

दिवस कलताना तो सासुरवाडीला पोचला. सगुणेचा राग केव्हाच उतरला होता. लांबून आवाज ओळखून तिनं बोचकं बांधलं, केसात फूल माळलं आणि ती उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. सासूबाई डोळे पुसत होत्या.

सासरे म्हणाले, "या जावईबापू. ती तयारच आहे. दोन गोड शब्द बोला आणि घेऊन जा."

लहानूनं पाहिलं. उंबरा आहे. सगुणा आहे. केसात फूल, हातात बोचकं. त्याला भरून आलं. डोळे मिटून तो असा गायला, की गोठ्यातली म्हैसही रवंथ करायची थांबली.

"सगुणे, आता हेच तुझं घर, मागला उंबरा विसर."

गाणं संपलं. लहानू वळला आणि सरळ चालू लागला.

घरी पोचला तेव्हा आई दारातच बसली होती.

"म्हटलंस का गाणं?"

"म्हटलं."

"आवडलं तिला?"

"आवडलं म्हणजे काय, सगळे रडले. सगुणा तर बोचकं घेऊन, 'अहो थांबा, अहो मागं बघा' म्हणत वेशीपर्यंत माझ्यामागं पळत आली."

"मग?" आई उठून उभी राहिली.

"मग काय," लहानू म्हणाला, "तिचा जीव अडकू नये म्हणून मी आणखी जोरात पळालो."