मुखवट्यामागचे पान

एका शहरात एकदा एक वाद फार रंगला होता. चित्रकथेचे पुस्तक वाचून वाचून झिजवावे की न उघडता जपावे, असा तो वाद होता आणि तो घालणारी दोघे एकमेकांचे जिवलग मित्र होते. हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावे. माणसे याहून कितीतरी क्षुल्लक गोष्टींवरून आयुष्यभर अबोला धरतात आणि तरीही आपण त्यांना प्रतिष्ठित म्हणतो.

त्या दोघांपैकी इरावती स्वतः चित्रकथा काढीत असे. गोष्ट तिची, चित्रे तिची, फुग्यांतले संवादही तिच्याच अक्षरात. झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून ती पाने काढून घेई, घरी फरशीवर बसून त्यांच्या घड्या घाली आणि मधोमध स्टेपलरच्या दोन पिना मारून पुस्तक तयार करी. तिला प्रकाशक नव्हता आणि तो नसल्याचे तिला दुःखही नव्हते. दुसरा हेरंब. त्याचे हार्डवेअरचे दुकान होते. नळ, खिळे, बिजागऱ्या खाली आणि वर पोटमाळ्यावर अडीच हजार चित्रकथा. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिकटपट्टीने बंद केलेले. त्याचा एक नियम होता. पहिली प्रत जपायची. दुसरी मिळाली, तर ती वाचायची.

दर रविवारी दुकान बंद असताना दोघे अर्ध्या उघडलेल्या शटरआड बसून वाद घालीत. मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत पुस्तकांशेजारी आपली घरगुती पुस्तके मांडावीत की वेगळी चूल मांडावी? संमेलनाला झगे आणि टोप घालून येणारे खरे वाचक की नुसते हौशी? आधी शब्द की आधी चित्र? तीन कप चहा होईपर्यंत कोणी कोणाचे ऐकून घेत नसे. मला विचाराल तर असे भांडणारे लोक ज्या गावात आहेत त्या गावाचे बरे चालले आहे असे समजावे.

दोघांचे गुरू मात्र एकच होते. त्यांना सगळे अप्पा म्हणत. ऐंशी वर्षांच्या या गृहस्थांनी तीस वर्षे स्वतःच्या हिमतीवर चित्रकथा काढून छापल्या होत्या आणि पाठीवर गठ्ठे वाहून एस.टी. स्टँडवरच्या टपऱ्यांवर ठेवल्या होत्या. इरावती त्यांच्याच ओसरीवर बसून ब्रश धरायला शिकली. त्यांच्या पुस्तकांत एक पुस्तक दोघांनाही जिवापाड प्रिय होते, आणि सगळी गोम त्याच पुस्तकात होती.

गोष्ट साधी होती. घाटातून टपाल नेणारा एक भित्रा माणूस चोरांना घाबरवण्यासाठी वाघाचा मुखवटा घालून चालू लागतो. चोर पळतात, टपालवाल्याची छाती फुगते. आणि शेवटून दुसऱ्या पानावर, एका अरुंद खिंडीत, मुखवटा घातलेल्या टपालवाल्यासमोर खराखुरा वाघ येऊन उभा राहतो. पान तिथेच संपते. गोष्टीचा शेवट पुढच्या पानावर, म्हणजे मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला होता. त्या पुस्तकात रंग फक्त मुखपृष्ठालाच असल्यामुळे अप्पांनी त्याच कागदाच्या बाहेरच्या बाजूला वाघाचा पिवळाधमक मुखवटा छापला होता आणि खाली सूचना दिली होती : 'कापून घ्या, पुठ्ठ्यावर चिकटवा, दोरी ओवा.'

चूक वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. ज्याने मुखवटा कापला, त्याचा शेवट गेला.

इरावती आठ वर्षांची असताना तिच्या हाती ते पुस्तक पडले. तिला आधी दिसला मुखवटा. वाचायच्या आधीच तिने कात्री आणली, भरपूर खळ लावून वाघ पुठ्ठ्यावर चिकटवला आणि दोन दिवस घरभर डरकाळ्या फोडल्या. तिसऱ्या दिवशी ती वाचायला बसली. खिंडीपर्यंत पोचली. पान उलटले, तर तिथे वाघाच्या तोंडाएवढे भोक! उरलेल्या कडेवर टपालवाल्याच्या वहाणेचा अंगठा दिसत होता आणि खाली लिहिले होते, 'समाप्त'. तिने पुठ्ठ्यावरून वाघ सोलून काढायचा प्रयत्न केला, तेव्हा कागदाचा लगदा हाती आला. त्या दिवशी ती खूप रडली. पुढे बावीस वर्षे ते भोक तिच्याबरोबर वाढले. ती चित्रकार झाली, तीही बहुधा त्या भोकात काय असेल याची चित्रे काढता काढताच.

ज्या ज्या वाचकाला ती भेटली त्याने मुखवटा कापलेलाच होता. एका हेरंबखेरीज. बंद पडलेल्या एका दुकानाच्या गठ्ठ्यात त्याला कोरी प्रत मिळाली होती आणि त्याने ती त्याच दिवशी पिशवीत घालून बंद केली होती.

"एकदाच उघड. मी हातही लावणार नाही," इरावती म्हणायची.

"कागद पापडासारखा झालाय गं. उघडला की पाठीच्या घडीवर मोडणार. अशी दुसरी प्रत नाही कुठं."

"मग तू तरी वाचलंस का?"

"दुसरी मिळाली की वाचेन."

"माझी ने की! शेवट सोडून सगळी गोष्ट आहे."

"भोक पडलेली प्रत मी वाचत नसतो," हेरंब ठणकावून सांगायचा.

असे वर्षानुवर्षे चालले होते. पण एका रविवारी इरावतीची जीभ घसरली. "तू वाचक नाहीस हेरंब, गोदामाचा रखवालदार आहेस!" ती म्हणाली. हेरंबचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "आणि तू कात्री." त्यानंतर चार महिने रविवार सुने गेले. संमेलनात दोघांनी मिळून घेतलेले टेबलसुद्धा त्यांनी वेगवेगळे करून घेतले. इरावतीला त्या पानाची ओढ पूर्वीइतकीच होती, आता तिथपर्यंत जायची वाटही बंद झाली.

ते पान स्वतःच पाहायचे म्हणून इतकी वर्षे तिने अप्पांना शेवट विचारला नव्हता; आता कासावीस होऊन ती त्यांच्याकडे गेली. "तुम्हीच काढलंय ना ते पान? वाघ पुढं काय करतो तेवढं सांगा."

अप्पा ब्रश धूत होते. ते म्हणाले, "ज्याच्याकडे शेवट आहे, त्याला विचार."

तिने विनवण्या केल्या, शेवटी रुसूनही पाहिले. अप्पांनी दुसरे उत्तर दिले नाही. म्हातारपणी माणूस हट्टी होतो असे मनाशी म्हणत ती घरी परतली.

पुढच्या महिन्यात चित्रकथांचे संमेलन भरले. एका मंगल कार्यालयात दर्शनी भागी मोठ्या कंपन्यांचे झगमगते मांडव होते आणि हात धुवायच्या नळांजवळ स्वतंत्र चित्रकथाकारांची टेबले. पण गर्दी पाहून डोळे निवत होते. झगा घातलेला एक महाकाय वीर आपल्या आईसाठी खुर्ची शोधत होता. एक निवृत्त शिक्षिका घरी शिवलेल्या चित्रकथा मांडून बसल्या होत्या आणि दोन महाविद्यालयीन मुली त्यांच्याशी एका चौकटीवरून हुज्जत घालीत होत्या. जेवायची शुद्ध कोणालाच नव्हती. ज्यांना वाचन संपले अशी काळजी वाटते, त्यांनी तिथे एक फेरी मारायला हवी होती.

दुपारी परिसंवाद होता. विषय, 'खरा चाहता कोण?' वक्ते इरावती आणि हेरंब. अध्यक्ष अप्पा. इरावतीने आपली झिजलेली प्रत उंचावून दाखवली आणि म्हणाली, "पुस्तक हे वाचण्यासाठी असतं. माझ्या प्रतीचा कागद बघा, यावर माझ्या लहानपणाचे डाग आहेत." टाळ्या पडल्या. हेरंबने पिशवीतली प्रत दाखवली. "सगळ्यांनीच डाग पाडले, तर उद्याच्या माणसानं बघायचं काय?" त्यालाही टाळ्या पडल्या. मग दोघेही एकमेकांकडे न पाहता अध्यक्षांकडे पाहू लागले.

अप्पा उठले. त्यांनी इरावतीच्या हातातले झिजलेले पुस्तक घेऊन हेरंबच्या हाती दिले. हेरंबची बंद पिशवी घेऊन इरावतीच्या मांडीवर ठेवली. "अर्धा तास द्या," एवढेच म्हणून ते खाली बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, म्हातारबुवांना झोप लागली. सूत्रसंचालकाने दोनदा घड्याळ पाहिले.

इरावतीने पिशवी उलटी केली. प्लॅस्टिकआडून पिवळाधमक वाघ तिच्याकडे पाहत होता. त्याच्या मागेच, एका कागदाच्या जाडीवर, ते पान होते. चिकटपट्टीचे टोक किंचित सुटलेले होते. नखाने ओढले असते तरी पुरले असते. तिचे नख त्या टोकापर्यंत गेलेही. पण तेवढ्यात तिची नजर हेरंबकडे गेली. तो तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहत होता, पण ती परत घ्यायला त्याने हात पुढे केला नव्हता. तिने हात मागे घेतला आणि दोन्ही तळवे पिशवीवर पालथे ठेवून ती स्वस्थ बसली. गोदामाचा रखवालदार असे आपण याला म्हणालो, याची तिला मनापासून लाज वाटली.

हेरंबने नाइलाजाने पुस्तक उघडले होते. भोक पडलेली प्रत तो वाचत नसे. पण समोर पन्नास-साठ माणसे बसली होती आणि अप्पांचा शब्द होता. पहिली दोनचार पाने त्याने नुसतीच चाळली. मग त्याचा वेग मंदावला. चोर पळाले तेथे तो मोठ्याने हसला आणि स्वतःच दचकला. पुढे तो खुर्चीत पुढे सरकून बसला. आपण व्यासपीठावर आहोत हे तो साफ विसरला होता. इरावती त्याला निरखत राहिली. आठव्या वर्षी आपण कसे दिसत असू, ते ती बावीस वर्षांनी समोर पाहत होती. खिंड आली. वाघ आला. हेरंबने पान उलटले.

"आं?" तो ओरडला. "पुढं काय?"

"मला काय विचारतोस?" इरावती म्हणाली. "तुझ्याकडेच आहे ते."

हेरंबने तिच्या मांडीवरून पिशवी ओढली, चिकटपट्टी टरकावली आणि ते पुस्तक मागच्या बाजूने उघडले. पाठीवर कागद मोडल्याचा बारीक आवाज झाला. तो आवाज ऐकून 'अरे, हळू!' असे इरावतीच ओरडली. हेरंबला मात्र तो ऐकूही आला नसावा. "ये, ये लवकर," असे म्हणून त्याने पुस्तक दोघांच्या मधे धरले.

वरच्या चौकटीत टपालवाला मुखवटा काढून, हात जोडून उभा होता. फुग्यात लिहिले होते, 'राग मानू नका. इतके दिवस तुमच्या नावावर चाललो.' खालच्या मोठ्या चित्रात खिंडीतून वाघ पुढे चालला होता आणि त्याच्यामागे थोडे अंतर राखून, टपालाची पिशवी सावरत टपालवाला.

इरावतीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिने ते पुसले नाही. ती म्हणाली, "अप्पा, एवढंच होतं तर मला सांगितलं का नाहीत?"

अप्पांनी डोळे उघडले. ते संथपणे बोलू लागले. "पोरी, पुस्तक छापून हाती आलं त्याच दिवशी माझी चूक मला कळली. ज्यांना माझा वाघ सगळ्यांत जास्त आवडला, त्यांच्याच हातून मी शेवट काढून घेतला होता. आमच्या घरच्या प्रतीतला मुखवटा माझ्याच लेकीनं कापला. तिला मी कोणत्या तोंडानं रागावणार? कापा म्हणून मीच छापलं होतं. तुला शेवट सांगणं सोपं होतं. पण सांगितला असता तर तुला तो नुसता कळला असता. तुला तर तो पाहायचा होता, आणि तो माझ्या जिभेवर नव्हता, हेरंबच्या माळ्यावर होता. तुझ्यासारख्यांनी कापलं, खेळलं, म्हणून ही गोष्ट अजून माणसांच्या तोंडी आहे. याच्यासारख्यानं बंद करून ठेवलं, म्हणून तिचं शेवटचं पान उरलं. तुझ्याकडे शेवट नव्हता, याच्याकडे गोष्ट नव्हती. आणि तुम्ही दोघं माझ्याकडे निकाल मागायला आलात! ज्याच्या पुस्तकाला असे दोन वाचक मिळाले, त्यानं निकाल देऊ नये, नमस्कार करावा."

आणि अप्पांनी खरोखरच दोघांना हात जोडले.

सूत्रसंचालकाने भीत भीत विचारले, "मग खरा चाहता कोण, असं लिहून घेऊ?"

त्याला उत्तर द्यायला कोणी मोकळे नव्हते.

"वाघ त्याला सोबत करतोय," इरावती चित्रावर बोट न टेकवता दाखवत होती. "खिंडीपलीकडे सोडायला निघालाय."

"छे! हद्दीबाहेर घालवतोय. शेपटी बघ जरा, कशी ताठ आहे."

"ती डौलानं ताठ आहे!"

"अप्पा, तुम्हीच सांगा," दोघे एकदमच म्हणाले.

"मला काय विचारता?" अप्पा काठी टेकत उठले. "मी काढलं तेव्हा माझं होतं." आणि ते नळांजवळच्या टेबलांवरची नवी पुस्तके पाहायला निघून गेले.

आपल्याशी कडाकडा भांडणारा एखादा मित्र आपल्यालाही असेल, तर त्याने आजवर जपून ठेवलेले काय आहे, हे त्याच्याजवळ बसून एकदा पाहायला हवे.