नारबाचं फिरतं पिंप

एक होतं गाव, आणि त्या गावाच्या वाट्याला एक भोळा माणूस आला होता. गावाचं नाव कातळोली आणि माणसाचं नाव नारबा.

नारबा अंगाने धिप्पाड, मनाने निर्मळ आणि कानाने तिखट. त्याला सांगितलेलं तो कधी विसरत नसे. जे सांगितलं तेच करी आणि जेवढं सांगितलं तेवढंच करी. सगळी पंचाईत तिथेच होती.

लग्नात भटजींनी त्याला सांगितलं, नवरीचा हात धरा. त्याने धरला. सोडा म्हणून सांगायचं भटजी विसरले आणि दक्षिणा घेऊन निघून गेले. नारबा डाव्या हाताने जेवला, डाव्या हाताने आहेर घेतला आणि दिवेलागणीला नवरीला तशीच धरून परसाकडे निघाला, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं. नवरीला, म्हणजे सगुणेला, हसू आवरेना. तिला नवरा तिथेच आवडला. तिचे वडील आप्पा मात्र मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि त्यांना अजिबात हसू येत नव्हतं. त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, वर्षभर बघतो, नाही जमलं तर पोरगी परत नेतो.

हे नारबाने ऐकलं. आणि ऐकलेलं तो विसरत नसे. सगुणा जरा नजरेआड झाली की तो तिला शोधत घरभर फिरे.

कातळोलीत जमीन म्हणजे नुसता कातळ. परड्यात कुदळ मारली तर ठिणगी उडायची. सगुणेला तिथे वांगी लावायची होती, मिरच्या लावायच्या होत्या, दुधीचा वेल चढवायचा होता. माती हवी होती. म्हणून तिने बायकांच्या बचत गटातून एक पिंप आणलं. निळं, पोटाळं, लोखंडी घोडीवर आडवं बसवलेलं. पोटाला झाकण, अंगाला वारा जायला भोकं आणि कडेला दांडा. स्वयंपाकघरातली सालं-देठं आणि परड्यातला पालापाचोळा आत टाकायचा, पिंप फिरवत राहायचं, की दीड-दोन महिन्यांत काळंभोर खत तयार.

दुसऱ्या दिवशी सगुणेला गटाच्या बैठकीला जायचं होतं. जाता जाता तिने नवऱ्याला सांगितलं, सालं पिंपात टाका आणि पिंपाला जरा फिरवा.

नारबाने सालं टाकली. मग पिंप घोडीवरून उतरवलं, त्याच्या दांड्याला दोरी बांधली आणि निघाला फिरवायला. आधी देवळापर्यंत नेलं. तिथून शाळेवरून नेलं. चहाच्या टपरीवर लोकांनी विचारलं, कुठे निघाली स्वारी?

"पिंपाला फिरवतोय," नारबा म्हणाला. "सकाळपासून घरातच होतं."

पिंपालाही दम लागला असेल म्हणून तो वाटेत आंब्याच्या सावलीत थांबला. झाकण केव्हाच उघडलं होतं. केळीची सालं, अळूची देठं, कालच्या आमटीचं खरकटं, सगळं वाटेने सांडत गेलं. मागून कुत्री, कुत्र्यांमागून कोंबड्या, अशी सगळी वरात घरी आली. सगुणेने तो दिवस गावाचा रस्ता झाडण्यात घालवला. मग पिंप पुन्हा घोडीवर चढवून तिने त्याला समजावलं, की पिंप फिरवायचं म्हणजे हवा खायला न्यायचं नाही. दांडा धरायचा आणि जागच्या जागी गोल गोल फिरवायचं.

"असं होय," नारबा म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

आणि त्याने ठेवलं.

मग पिंपाला वास यायला लागला. सगुणेने झाकण उघडून पाहिलं, तर आत नुसता लगदा. ती म्हणाली, ओलं फार झालंय. ओलं असलं आणि वास आला, की वरून सुकं घालायचं, म्हणजे वास मरतो.

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

त्याच दुपारी शेजारच्या गोपिकाकाकू खाडीवरून मासळीची पाटी घेऊन आल्या आणि जरा टेकायला म्हणून ओट्यावर बसल्या. पदर भिजलेला, पाटीतलं पाणी खांद्यावरून ओघळलेलं. नारबाने नाक वर केलं. ओलं होतं. वास येत होता. तो उठला, परड्यातून सुक्या पाल्याचा भारा उचलून आणला आणि काकूंच्या डोक्यावर ओतला. काकूंनी तोंड उघडलं, तेव्हा त्याने आणखी थोडा घातला.

काकूंच्या केसांतून फणसाची पानं काढता काढता सगुणेने त्याला सांगितलं, की सुकं माणसावर घालायचं नाही. सुकं असेल ते सगळं पिंपात.

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सगुणा विहिरीवरून आली, तर वळचणीला टांगलेले बोंबील गायब. पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली सुकटही गायब. दोरीवर धुणं घातलं होतं, त्यातलं तिचं जाड लुगडं तेवढं लोंबत होतं. बाकी दोरी रिकामी.

"लुगडं अजून ओलं आहे," नारबा म्हणाला. "सुकलं की घालतो."

तिने कपडे पिंपातून ओढून काढले. पुढे कितीतरी दिवस ती बाजाराला निघाली की गावातली मांजरं तिच्यामागून बाजाराला निघत. तरी ती नवऱ्याला टाकून बोलली नाही. आत जाऊन तोंडावर पदर घेऊन बसली. ती हसत होती की रडत होती, ते नारबाला कळलं नाही, म्हणून तोही शेजारी पदर नसलेलं तोंड झाकून बसला.

पुढे एका सकाळी नारबाने पिंपाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. पिंप गरम. झाकणातून वाफ येत होती. तो धावत घरात आला आणि म्हणाला, पिंपाला ताप भरलाय, डॉक्टरला आणतो. सगुणा पहिल्यांदाच खूश झाली. तिने त्याला बसवून नीट सांगितलं. तापलं म्हणजे चांगलं लक्षण. आतलं काम सुरू झालंय. घाबरायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. नुसती वाट बघायची.

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

त्याच आठवड्यात गोपिकाकाकूंचे यजमान दामूकाका तापाने फणफणले. काकूंना एवढ्या तातडीला दुसरं कुणी मिळेना, म्हणून मागचं सगळं गिळून त्यांनी नारबालाच हाक मारली आणि डॉक्टरांना घेऊन ये म्हणून विनवलं. नारबा आत गेला. त्याने दामूकाकांच्या कपाळाला हात लावला आणि त्याचा चेहरा खुलला.

"डॉक्टर कशाला? छान तापलेत," तो म्हणाला. "आतलं काम सुरू झालंय. दीड-दोन महिने लागतील. काळे पडले आणि मातीचा वास यायला लागला, की बाहेर काढू."

काकूंनी हंबरडा फोडला. दामूकाका मात्र तसेच अंथरुणातून उठले आणि काठी घेऊन नारबाच्या मागे लागले. पार एसटी थांबते त्या तिठ्यापर्यंत धावले. परत आले ते घामाने निथळत, आणि ताप उतरलेला. पण याचं श्रेय नारबाला कुणी दिलं नाही.

अशा गोष्टी गावात राहत नाहीत. पिंपाला दोरी लावून नेलं, काकूंना पाल्यात पुरलं, दामूकाकांना जिवंतपणी खतात काढलं, हे सगळं एसटीत बसून आप्पांच्या गावी पोचलं. आणि तिथून उलट्या एसटीने आप्पा आले.

आप्पा म्हणजे सुक्या नारळासारखा माणूस. लहानसा, टणक आणि आत काय आहे ते बाहेरून न कळणारा. ओट्यावर पाय ठेवतानाच त्यांनी मुलीला सांगितलं, की कपडे भर, दुपारच्या गाडीने निघायचं. सगुणा म्हणाली, मी कुठे येत नाही. आप्पा म्हणाले, जेवण झाल्यावर बोलू, आणि ते कुणाचं ऐकत नसत हे तिला जन्मापासून ठाऊक होतं.

नारबाने परड्यातून हे ऐकलं. तो मागच्या दाराने चुलीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "मी काय केलं म्हणजे ते तुला नेणार नाहीत?"

सगुणेला भरून आलं. पण चुलीवर भात होता. तिने विचार केला, आधी या दोघांना घराबाहेर काढावं. आप्पांना गावात फिरवून आणा, असं ती म्हणणार होती. तिने जीभ चावली.

"आप्पांना गाव दाखवून आणा," ती म्हणाली.

नारबा सासऱ्यांना घेऊन निघाला. भर उन्हात त्याने त्यांना गावामागच्या कड्यावर चढवलं. अगदी टोकावर नेऊन उभं केलं आणि खाली बोट दाखवलं.

"हे गाव," तो म्हणाला, आणि परत उतरायला लागला.

आप्पा धापा टाकत मागून उतरले. बोलायला दम नव्हता. पण चढउतार करून त्यांना अशी भूक लागली की घरी येताच ते हातपाय धुऊन पाटाची वाट बघायला लागले.

इकडे सगुणेने माहेरच्या माणसाला शोभेल असा स्वयंपाक मांडला होता. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, भरली वांगी, फणसाची भाजी, तांदळाची खीर. एवढ्या स्वयंपाकाची सालं-देठंही तशीच निघाली. ती टाकायला नारबा परड्यात गेला आणि परत येऊन म्हणाला, पिंप गच्च भरलंय. चुलीवरची नजर न काढता सगुणा म्हणाली, "भरलं ना? मग आता वरून काही घालू नका. भरलं की घालणं थांबवायचं आणि चांगलं गरागरा फिरवायचं, म्हणजे आतलं एकजीव होतं. मग महिनाभर नुसतं ठेवायचं."

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

तो गेला, दांडा धरला आणि पिंप जागच्या जागी गरागरा फिरवलं. कुठे नेलं नाही, काही सांडलं नाही. सगुणेने खिडकीतून पाहिलं आणि ती म्हणाली, आता बरोबर. लग्न झाल्यापासून नारबाने पहिल्यांदाच हे शब्द ऐकले. त्याची छाती फुगली. आपल्याला जमायला लागलं, असं त्याला वाटलं.

पानं मांडली. सगुणेने नवऱ्याला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली. वाढताना आग्रह करायचा. ते नको म्हणाले तरी वाढायचं, पोट भरेपर्यंत वाढायचं.

नारबाने असा आग्रह केला की तसा आप्पांना त्यांच्या स्वतःच्या लग्नातही कुणी केला नसेल. आप्पांनी पानावर हात आडवा धरला, तर त्याने हातावर वाढलं. आप्पा हळूहळू सैलावले. वांगी कुठली म्हणून त्यांनी विचारलं. सगुणा म्हणाली, विकतची, पण पुढच्या खेपेला याल तेव्हा परड्यातली असतील. आप्पांनी खिरीची वाटी पुन्हा पुढे केली. जावई मनाने वाईट नाही, असं काहीसं ते पुटपुटले. दुपारच्या गाडीचं नाव त्यांनी काढलं नाही. सगुणेचा जीव भांड्यात पडला. ती आप्पांना द्यायचा सुपारीचा डबा आणायला माजघरात गेली.



नारबा आंबोळी घेऊन वाकला. आप्पांनी ढेकर दिला आणि पोटावरून हात फिरवला.

"बास जावईबापू," ते म्हणाले. "भरलं. अगदी गळ्यापर्यंत भरलं."

नारबाने आंबोळी खाली ठेवली. आता काय करायचं, हे त्याला कुणालाही विचारावं लागणार नव्हतं. त्याने कमरेला पंचा घट्ट खोचला, आप्पा बसले होते तो पाट दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला.

घरात नवी गुळगुळीत लादी होती. पाट गुळगुळीत, आप्पा हलके, नारबा धिप्पाड. आप्पांना चूल दिसली, देव्हारा दिसला, दार दिसलं, जावई दिसला. मग पुन्हा चूल, देव्हारा, दार, जावई. मग नुसतेच जावई दिसायला लागले. ते ओरडायला बघत होते, पण तोंड उघडायची त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती खरी होती.

सगुणा डबा घेऊन धावत आली तोवर आतलं एकजीव झालं होतं. तिने पाट अडवला. पाट थांबला. आप्पा थांबले नाहीत. ते उठले, गोल गोल चालत दारापाशी गेले, पायरीवर बसले आणि खाल्लेलं सगळं परड्याच्या तोंडाशी रिकामं केलं.

मग त्यांनी चपला घातल्या, डाव्याची उजव्यात आणि उजव्याची डाव्यात. सगुणा पाणी घेऊन गेली तर त्यांनी हात जोडले. तिठ्यावर जी पहिली गाडी उभी होती तिच्यात ते बसले. ती त्यांच्या गावाला जाणारी नव्हती, पण ती इथून जाणारी होती आणि त्यांना तेवढं पुरे होतं. कशाला आलो होतो आणि कुणाला न्यायचं होतं, हे त्यांना आठवलं तेव्हा ते तालुका ओलांडून गेले होते. पुन्हा न्यायला ते कधी आले नाहीत.

धूळ खाली बसली. सगुणा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नारबा पायरीपाशी उकिडवा बसून पुढ्यातलं निरखून बघत होता. त्याचा चेहरा पडला होता.

"घाई केली गं त्यांनी," तो म्हणाला. "कच्चंच निघालं. महिनाभर राहायला हवं होतं."